पाच यार्डांत आठ पावले

अमेरिकेतील हायस्कूलच्या मार्चिंग बँडचा वारसा तीन ठिकाणांहून आला आहे. वर्दी, रांगा आणि ड्रमचा ठेका लष्कराने दिला. रविवारी चौकात किंवा बागेत लोकांसमोर वाजवण्याची हौस गावोगावच्या हौशी बँडकडून आली. मात्र ज्यांनी वाद्य कधी हातातही धरलेले नाही अशा पन्नास मुलांना एकाच खोलीत, एकाच तासाला वाजवायला शिकवायचे, ही रीत शाळेची स्वतःची. लष्करी बँड आता लष्करापुरते उरले आहेत आणि गावचे बँड बहुतेक ठिकाणी विरून गेले आहेत. शाळेचा बँड टिकला तो या तिसऱ्या गोष्टीमुळे.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या पलटणींबरोबर बँड होते. युद्ध संपल्यावर त्यातले वादक आपापल्या गावी परतले आणि तिथे पितळी वाद्यांचे ताफे उभे राहिले. लोकांची भूक केवढी होती हे पॅट्रिक गिलमोर यांनी १८६९ साली बॉस्टनमध्ये भरवलेल्या शांतता महोत्सवावरून कळते. तिथे सुमारे एक हजार वादक आणि दहा हजार गायक एकत्र आणले गेले होते. पुढच्या पिढीचे नाव जॉन फिलिप सूसा. १८८० ते १८९२ ही बारा वर्षे त्यांनी मरीन बँड चालवला आणि नंतर स्वतःचा व्यावसायिक बँड घेऊन १९३१ पर्यंत गावोगावी कार्यक्रम केले. मार्चचा बादशहा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाचा बँड प्रत्यक्षात रस्त्यावर चालत क्वचितच वाजला. त्याची जागा रंगमंचावर होती. सूसाफोन हे वाद्यही त्यांच्या सूचनेवरून १८९० च्या दशकात घडले ते रंगमंचासाठीच, आणि त्याचे तोंड आभाळाकडे होते. तोंड समोर वळले ते नंतर. खांद्यावर पेलता येणारा मंद्र स्वर म्हणून शाळांच्या बँडने हे वाद्य उचलले, आणि आज ते मैदानाचीच खूण बनले आहे.

शाळांत वाद्य शिकवणे विसाव्या शतकाच्या आरंभी तुरळक होते. गाणे हा विषय वेळापत्रकात होता. वाद्य मात्र शाळा सुटल्यावर, ज्याला परवडेल त्याने शिकायचे. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट टाउनशिप हायस्कूलमध्ये ए. आर. मॅकॅलिस्टर यांनी १९१२ साली बँड सुरू केला तेव्हा असे बँड मोजकेच होते. पहिल्या महायुद्धाने चित्र पालटले. लष्कराला वादक हवे होते, ते घाईने तयार केले गेले, आणि युद्ध संपताच ते मोकळे झाले. त्याच सुमारास ग्रामोफोन, मोटारगाडी, सिनेमा आणि पाठोपाठ रेडिओ यांनी गावच्या बँडचा श्रोता पळवला. वाद्ये बनवणाऱ्या कारखानदारांना, विशेषतः इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावच्या कंपन्यांना, नवे गिऱ्हाईक शोधणे भाग होते. ते त्यांना शाळेत सापडले.

१९२३ साली शिकागोत शालेय बँडची पहिली देशव्यापी स्पर्धा झाली. तीस बँड आले, आणि ओहायो राज्यातल्या फोस्टोरिया या लहान गावचे हायस्कूल जिंकले. खर्च वाद्यव्यवसायाने उचलला होता. शिक्षकांना हे खटकले. जाहिरातीचा वास येऊ नये म्हणून पुढच्या स्पर्धा सी. एम. ट्रेमेन यांच्या संगीतप्रसार संस्थेने आणि संगीत शिक्षकांच्या परिषदेने मिळून आखल्या. आधी राज्य पातळीवर चाचण्या, मग १९२६ पासून राष्ट्रीय फेरी. १९२६, १९२७ आणि १९२८ अशी सलग तीन वर्षे मॅकॅलिस्टर यांचे जोलिएट पहिले आले.

या स्पर्धांचा खरा परिणाम ढालींपेक्षा खोल आहे. कोणती धून वाजवायची आणि बँडमध्ये कोणती वाद्ये किती असावीत, याच्या याद्या स्पर्धेच्या नियमांत छापल्या गेल्या. तोपर्यंत ज्याच्या घरी जे वाद्य पडून असेल तो ते आणी. आता ओबो, बसून, फ्रेंच हॉर्न ही महाग आणि कठीण वाद्येही शाळेला विकत घ्यावी लागली आणि मुलांना नेमून द्यावी लागली. दहा वर्षांत कान्सासच्या आणि ओहायोच्या शाळेचा बँड कानाला सारखाच वाटू लागला. त्यात काही गमावलेही, पण या एकसारखेपणामुळेच संगीतकार आणि प्रकाशक शाळांसाठी मुद्दाम लिहू-छापू लागले.

वाद्य विकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा हा गुंता अमेरिकनांच्या स्मरणात पक्का बसला आहे. १९५७ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेचा नायक हा आयोवातल्या एका गावाला मुलांच्या बँडच्या नावाखाली वाद्ये आणि वर्द्या विकून पळ काढू पाहणारा भामटा आहे. ती लिहिणारे मेरेडिथ विल्सन तरुणपणी सूसा यांच्या बँडमध्ये बासरी वाजवत, म्हणून तिच्यातले तपशील आतल्या माणसाचे आहेत.

शिक्षक आले कुठून, यालाही इतिहास आहे. काही लष्करी बँडमधून आले. १९२७ नंतर बोलपट आले, थिएटरांतले वाद्यवृंद बंद झाले, आणि बेकार झालेल्या अनेक वादकांनी शाळांची वाट धरली. त्यांना वाजवता उत्तम येई. तीस-चाळीस मुलांना एकदम शिकवणे ही वेगळी विद्या होती. जोसेफ मॅडी आणि थॅडियस गिडिंग्ज यांचे ‘युनिव्हर्सल टीचर’ हे १९२३ चे पुस्तक याच गरजेतून आले: सगळी वाद्ये एकाच वर्गात, एकाच धड्यावर. मॅडी यांनीच १९२८ मध्ये मिशिगनमधल्या इंटरलॉकेन येथे उन्हाळी संगीत शिबिर सुरू केले.

एकत्र शिकवण्यात एक अडचण वाद्यांच्या घडणीतच असते. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, हॉर्न यांची पट्टी एक नाही. कागदावर लिहिलेला स्वर आणि कानावर पडणारा स्वर वेगळे. म्हणून वर्गाची सुरुवात बी फ्लॅटने होते, म्हणजे पेटीवरच्या काळी पाचने. शिक्षकाने तो स्वर मागितला की ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवाले आपल्या कागदावरचा सी वाजवतात, आल्टो सॅक्सोफोनवाले जी, फ्रेंच हॉर्नवाले एफ, तर बासरी आणि ट्रॉम्बोनवाले सरळ बी फ्लॅट. ऐकू येतो तो एकच स्वर. पितळी वाद्यांच्या नवशिक्यांना तो ओठांना सोपा जातो, हेही कारण आहेच. पहिल्या आठवड्यात सगळा वर्ग मिळून एक लांब स्वर धरतो, तेव्हा बँड जन्माला येतो असे म्हणायला हरकत नाही. पुढचे यश या स्वराच्या शुद्धतेवर किती अवलंबून असते, हे इंडियानातल्या होबार्ट गावाने दाखवून दिले. विल्यम रेव्हेली यांनी १९२५ साली तिथे काम सुरू केले. त्या लहानशा गावच्या हायस्कूलने राष्ट्रीय स्पर्धांत वारंवार पहिला क्रमांक मिळवला, आणि १९३५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने रेव्हेली यांना बोलावून घेतले. त्यांच्या कडक शिस्तीच्या आठवणी विद्यार्थी पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

मैदानावरची चाल कॉलेजांकडून आली. १९०७ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने लष्करी रांगा मोडून फुटबॉलच्या मैदानावर उभ्या वादकांचे ‘पी’ हे अक्षर काढले. त्याच काळात इलिनॉय विद्यापीठात ए. ए. हार्डिंग यांनी सामन्याच्या मध्यंतराला बँडचा स्वतंत्र कार्यक्रम करण्याची प्रथा रुजवली. हायस्कुलांतही फुटबॉल होताच. शुक्रवारच्या सामन्याला गाव जमे आणि मध्यंतरात मैदान रिकामे असे. मार्क हिंड्स्ली यांनी १९३२ साली मार्चिंग बँडचे हस्तपुस्तक काढले, तेव्हा हा शिकवण्याचा विषय झाला होता.

लष्करी पाऊल ३० इंचांचे असते. फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेषा असते, म्हणजे १८० इंचांवर. ३० इंची सहा पावलांत ती गाठता येते, पण संगीताची वाक्ये चार-आठ मात्रांची असतात, सहाची नव्हे. म्हणून पाऊल साडेबावीस इंचांचे झाले: आठ पावले, आठ मात्रा, पाच यार्ड. वाक्य संपते त्याच क्षणी पाय रेषेवर पडतो. या एका हिशेबाने मैदान कागदासारखे आखता येऊ लागले. प्रत्येक मुलाची जागा रेषेपासून किती पावले आणि कडेपासून किती पावले, अशी आकड्यांत सांगता येऊ लागली. नवख्या मुलांना उन्हाळी शिबिरात पहिले दोन-तीन दिवस वाद्याशिवाय फक्त हे पाऊल घोटावे लागते. टाच आधी, मग तळवा, मग बोटे, आणि कमरेच्या वर काहीही हलता कामा नये. कारण ओठावरचे वाद्य हादरले की स्वर तुटतो.

दुसरी अडचण ध्वनीच्या वेगाची. मैदान शंभर यार्ड लांब. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला सुमारे पाव सेकंद लागतो. मिनिटाला १२० पावलांच्या लयीत हे जवळजवळ अर्धी मात्रा झाले. प्रत्येकाने शेजाऱ्याचे ऐकून वाजवले तर प्रेक्षकांपर्यंत नुसता गोंधळ पोचेल. म्हणून ठेका ड्रमवाल्यांनी धरायचा आणि त्यांची नजर समोर उभे राहून लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरच्या हातांवर. त्यांच्या पुढे उभे असलेल्यांनी मागून येणारा आवाज ऐकायचा, आणि बाजूला दूर पसरलेल्यांनी कानांवर विश्वास न ठेवता डोळ्यांनी वाजवायचे. सोळा वर्षांच्या मुलाला हे पटवणे, ही या शिक्षणातली सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

हायस्कुलांच्या बँडमध्ये मुली कॉलेजांच्या कितीतरी आधी आल्या. मिशिगन विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमध्ये पहिल्या स्त्रिया १९७२ साली उतरल्या. वर्णाची भिंत त्याहून जाड होती. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, स्पर्धा वेगळ्या, आणि शैलीही स्वतःची. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात विल्यम फॉस्टर यांनी १९४६ पासून गुडघा उंच उचलणारी चाल, नृत्य आणि त्या काळची लोकप्रिय गाणी एकत्र आणली. अशा कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेले पदवीधर हायस्कुलांत बँड शिकवू लागले आणि ती चाल शहरोशहरी गेली. न्यू ऑर्लिन्सच्या सेंट ऑगस्टिन या कृष्णवर्णीय मुलांच्या कॅथलिक शाळेचा बँड एडविन हॅम्प्टन यांनी उभा केला. मार्डी ग्रास या उत्सवातल्या रेक्स या जुन्या, गोऱ्यांच्या मिरवणुकीत हा बँड १९६७ साली चालला. त्या दिवशी गर्दीतून मुलांवर वस्तू भिरकावल्या गेल्या. हॅम्प्टन यांची ताकीद होती की रांग मोडायची नाही, उत्तर द्यायचे नाही, वाजवत राहायचे. मुले वाजवत राहिली. २००५ च्या कतरिना वादळानंतर सेंट ऑगस्टिनसह शहरातल्या तीन कृष्णवर्णीय कॅथलिक शाळा एका इमारतीत एकत्र भरू लागल्या, तेव्हा तिन्हींच्या मुलामुलींचा एकच बँड पुढच्या मार्डी ग्रासला रस्त्यावर उतरला.

१९७० च्या दशकात चाल पुन्हा बदलली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी पोसलेल्या ड्रम आणि बिगुल पथकांची ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. हायस्कुलांसाठी ‘मार्चिंग बँड्स ऑफ अमेरिका’ ही स्पर्धा १९७६ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी कॅलिफोर्नियाचे लाइव्ह ओक हायस्कूल जिंकले. तोवर बहुतेक शाळा जवळपास दर सामन्याला नवा कार्यक्रम बसवत. स्वरलिपीचा कागद वाद्यालाच चिमट्याने अडकवलेला असे. आता पूर्ण हंगामाला आठ-दहा मिनिटांचा एकच कार्यक्रम आला, तोंडपाठ आणि महिनोन्महिने घासलेला. अक्षरे आणि चित्रे जाऊन वळणदार रेषा आल्या. घेऊन चालता न येणारी मारिंबासारखी वाद्ये मैदानाच्या पुढच्या कडेला स्थिरावली. १९८० च्या दशकात रचना संगणकावर होऊ लागल्या.

याने वादनाचा दर्जा उंचावला, हे नाकारता येणार नाही. पण पूर्वी वीसेक धुना वाचणारे मूल आता तीनच धुना वाचते. दिसताक्षणी वाचून वाजवण्याचा सराव त्याला मैदानावर मिळत नाही. चांगले शिक्षक ही तूट नोव्हेंबरनंतर भरून काढतात. मैदान बंद झाले की तीच मुले सभागृहात खुर्च्यांवर बसतात आणि वसंतापर्यंत मैफिलीचे संगीत शिकतात. ज्या शाळेत हा दुसरा अर्धा भाग दुबळा असतो, तिथला मैदानी बँडही काही वर्षांत पोकळ होतो.

मुलांच्या वेळेलाही मर्यादा घालावी लागली. टेक्सासमध्ये १९८४ च्या कायद्याने नापास विद्यार्थ्याला खेळ आणि बँडच्या स्पर्धांपासून दूर ठेवले. तिथल्या आंतरशालेय संस्थेच्या नियमानुसार शाळेच्या आठवड्यात वर्गाच्या वेळेबाहेर आठ तासांहून जास्त सराव घेता येत नाही. मोठ्या बँडमध्ये दोनशेहून अधिक मुले असतात. मुख्य शिक्षकाबरोबर ड्रमचे आणि झेंडेवाल्या कलर गार्डचे वेगळे प्रशिक्षक येतात, आणि प्रत्येक गटात एक मोठा विद्यार्थी धाकट्यांना शिकवतो. बस, वर्द्या, ट्रक, पाण्याचे पिंप यांचा भार ‘बूस्टर’ म्हणवणाऱ्या पालकांच्या मंडळावर असतो. मोठ्या उपनगरी शाळांचे पालक हे सहज पेलतात. गरीब जिल्ह्यात शिक्षकालाच वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागते, आणि स्पर्धेच्या गुणपत्रिकेत हा फरक कुठेच नोंदला जात नाही.

सगळ्यांनी नवी चाल घेतली असेही नाही. पूर्व टेक्सासमधल्या अनेक शाळा आजही ३० इंची लष्करी पावलाने, सरळ रांगांत, मार्च वाजवत मैदान पार करतात, आणि त्यांच्यासाठी त्या राज्यात स्वतंत्र स्पर्धा भरते.