आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?

मागच्या वर्षी पाच महिने हनोईत ऑनसाईट होतो. ऑनसाईट म्हटलं की लोकांना अमेरिका आठवते, गेलाबाजार सिंगापूर तरी. व्हिएतनाम म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, "तिथलं युद्ध संपलं ना रे?" संपलं, १९७५ मध्येच. दुसरा प्रश्न जेवणाचा होता, पण त्यावर वेगळा लेख होईल. असो.

तर झालं असं की, टीममधल्या एका मुलीने एका शुक्रवारी विचारलं, उद्या सकाळी मोकळा आहेस का? ती आणि तिच्या मैत्रिणी दर शनिवारी एका हॉस्टेलवर इंग्रजी संभाषण शिकवायला जायच्या. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून शिकायला आलेली, घरची परिस्थिती बेताची असलेली पंधरा-सोळा मुलं-मुली. लिहायला-वाचायला येत होतं, पण बोलायची सवय नव्हती. मला हसूच आलं. इंग्रजी बोलायला शिकवायचं, आणि ते मी? दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या व्हायवाला "टेल मी अबाउट युवरसेल्फ" ऐकून घशाला कोरड पडलेला प्राणी मी. पण नाही म्हणता आलं नाही.

वर्गात गेलो आणि जोरात म्हणालो, "हाऊ आर यू?" पंधरा आवाजांत एकच उत्तर आलं, "आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?" अगदी कवायतीसारखं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तोही फाइन. मी त्याला विचारलं, हाताला काय झालं? शांतता. तो हसला, खाली बघायला लागला. मग घाबरून मी तेच केलं जे आमच्या सरांनी केलं असतं. फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढला! वर्ग संपल्यावर ती मैत्रीण हळूच म्हणाली, "हे त्यांना येतं."

त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसलो. या देशात कोणी कोणाला काय शिकवलं, आणि का? मग पुढचे कितीतरी वीकेंड त्यातच गेले. त्यातलं काही इथे मांडतो.

सुरुवात लिपीपासून करू. आज व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहितात. त्या लिपीला म्हणतात क्वोक न्गु. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी धर्मप्रसारासाठी ती घडवली, त्यात पोर्तुगीज पाद्र्यांचं काम मोठं. अलेक्झांडर द रोड या पाद्र्याने १६५१ मध्ये रोममध्ये व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश छापला. आता गंमत बघा. हा रोड पूर्वेकडे जाताना १६१९ मध्ये गोव्यात उतरला होता आणि तिथे काही काळ राहिला होता. त्याच गोव्यात तीनच वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं होतं. मराठी भाषा आणि रोमन अक्षरं! आपल्याकडे तो प्रयोग एका कोपऱ्यात राहिला, तिथे पुढे तीच देशाची लिपी झाली.

पण लगेच नाही. दरबारी परीक्षा शतकानुशतकं चिनी लिपीत चालायच्या. शेवटची परीक्षा ह्यू या राजधानीत १९१९ मध्ये झाली. ज्याच्याकडे चिनी अक्षरं घोकायला दहा-पंधरा वर्षं आणि घरचं अन्न, तोच शिकणार. फ्रेंच आले तेव्हा वरच्या खुर्च्यांची भाषा फ्रेंच झाली. शेतकरी आधी चिनीला मुकला, मग फ्रेंचला. १९०७ मध्ये हनोईतल्या काही सुधारकांनी एक मोफत शाळा काढली, डोंग किन्ह न्घिया थुक. जपानमधल्या केइओ या संस्थेच्या धर्तीवर. ज्या लिपीला जुने पंडित परक्यांची म्हणून नाक मुरडायचे, तीच इथे देशभक्तांनी उचलली, कारण ती काही महिन्यांत शिकता येते. वर्ष पूर्ण व्हायच्या आत फ्रेंच सरकारने शाळा बंद पाडली. काही महिने चाललेल्या शाळेची एवढी भीती का वाटावी, याचं उत्तर त्या सरकारनेच देऊन टाकलं, नाही का?

पुढे १९३८ मध्ये क्वोक न्गुच्या प्रसारासाठी संस्था निघाली, अध्यक्ष होते न्गुयेन वान तो. तिच्यात एक आपल्या जातीचा माणूस सापडला, म्हणजे इंजिनिअर हो! होआंग शुआन हान. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला गणिती. निरक्षर प्रौढांना अक्षरं लक्षात राहावीत म्हणून त्याने अक्षरांच्या आकारांवर सोपी यमकं रचली. एवढी मोठी पदवी, आणि डोकं लावलं कशाला, तर कष्टकरी बाईला 'ओ'ला टोपी कधी घालायची ते कळावं म्हणून. मला हा माणूस फार आवडला.

२ सप्टेंबर १९४५ ला हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. बरोबर सहा दिवसांनी, ८ सप्टेंबरला, 'बिन्ह दान होक वू' म्हणजे जनसाधारणाच्या शिक्षणाचं खातं निघालं. नुकताच दुष्काळ पडून गेलेला, तिजोरी रिकामी, फ्रेंच परत येऊ घातलेले. भूक, अज्ञान आणि परकीय आक्रमण हे तीन शत्रू, असं सरकारने जाहीर केलं. नव्वद टक्क्यांहून अधिक लोक निरक्षर मानले जात होते. शिक्षकांना द्यायला पगार नव्हता, म्हणून ज्याला येतं त्याने शिकवायचं. बायको निरक्षर असेल तर नवऱ्याने, आजोबांना नातवाने. देवळात, अंगणात, कंदिलाच्या उजेडात वर्ग भरायचे. बाजाराच्या वाटेवर अक्षरं लिहिलेले फळे लावत. वाचता आलं तर सन्मानाच्या दारातून जा, नाही आलं तर 'आंधळ्या दारा'तून. (हे मला जरा क्रूर वाटलं. डोक्यावर भाजीची टोपली घेतलेल्या बाईला चारचौघांत असं करायचं?) १९४६ संपेपर्यंत सुमारे २५ लाख लोक वाचायला शिकले, असा सरकारी आकडा आहे.

हे झालं स्वभाषेचं. इंग्रजी आलं ते दक्षिणेत, अमेरिकेच्या पाठोपाठ.

इंटरनॅशनल व्हॉलंटरी सर्व्हिसेस नावाची एक अमेरिकन संस्था १९५७ पासून दक्षिण व्हिएतनाममध्ये होती. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं-पोरी, जवळपास आपल्याच वयाची. कोणी शेती सुधारायला, कोणी इंग्रजी शिकवायला. गावात राहायचं, व्हिएतनामी शिकायची, सायकल नाहीतर मोटरसायकलवर हिंडायचं. पैसा मात्र मुख्यतः अमेरिकन सरकारच्या मदतखात्याचा. तिथेच ग्यानबाची मेख होती. सकाळी ज्या मुलाला "धिस इज माय हाऊस" शिकवलं, त्याचं घर रात्रीच्या बॉम्बफेकीत गेलं, आणि बॉम्ब तुमच्याच देशाचा, तर दुसऱ्या दिवशी कुठला धडा घ्यायचा? सप्टेंबर १९६७ मध्ये तिथल्या ४९ जणांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहून युद्धाचा निषेध केला. प्रमुख डॉन ल्यूस आणि आणखी काही जणांनी राजीनामे दिले.

हा डॉन ल्यूस १९५८ मध्ये शेतीचा स्वयंसेवक म्हणून आला होता. उत्तम व्हिएतनामी बोलायचा. जुलै १९७० मध्ये अमेरिकन काँग्रेसचे दोन सदस्य कोन सॉन बेटावरचा तुरुंग बघायला गेले तेव्हा ल्यूस दुभाषा म्हणून सोबत होता. सुटून आलेल्या कैद्यांनी काढून दिलेल्या नकाशावरून त्यांनी लपवलेलं दार शोधलं आणि 'वाघांचे पिंजरे' म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या कोठड्या जगासमोर आल्या. आतल्या कैद्यांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा माणूस सोबत नसता तर? वाचता वाचता मी इथे थांबलो. पाच महिन्यांत मला व्हिएतनामीतले किती शब्द येत होते? 'कॉफी', 'धन्यवाद' आणि 'तिखट नको'.

१९७५ नंतर पारडं फिरलं. देश एक झाला, परकी भाषा म्हणून रशियनची चलती झाली. १९८६ मध्ये 'दोई मोई' म्हणजे आर्थिक सुधारणा आल्या, नंतर सोव्हिएत संघच विरघळला. १९९४ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठवली, १९९५ मध्ये व्हिएतनाम आसिआनमध्ये गेलं. रशियनचे शिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन इंग्रजी शिकायला बसले. कोबोलवाल्याला एका रात्रीत जावा शिक म्हणतात ना, तसंच. फरक इतकाच की यांना चाळिशीत उच्चार बदलायचे होते. साहजिकच वर्गात व्याकरण आणि भाषांतर उरलं, बोलणं मागे पडलं. परीक्षाही लेखी, मग बोलायचं कशाला?

आणि बोलणं अवघड आहेच. व्हिएतनामीत शब्दाच्या शेवटी 'स' येतच नाही, त्यामुळे 'हाऊस'चा 'हाऊ' होतो. अनेकवचन, भूतकाळ सगळं त्या शेवटच्या व्यंजनासोबत गळून पडतं. शिवाय आपल्या 'मी-तू'सारखी सगळीकडे चालणारी सर्वनामं नाहीत. समोरचा दादा, ताई, काका की गुरुजी हे ठरवूनच वाक्य सुरू होतं. इंग्रजीतलं सपाट 'यू' शिक्षकाला म्हणताना त्या पोरांना केवढं उद्धट वाटत असेल! म्हणून ती प्रत्येक वाक्यात 'टीचर' घालतात. आपण नाही का प्रत्येक वाक्यात 'सर' घालत?

इथेच स्वयंसेवकांची नवी पिढी आली. ऑस्ट्रेलियन शिक्षक मायकेल ब्रोसोव्स्की २००२ मध्ये हनोईत विद्यापीठात इंग्रजी शिकवायला आला. रस्त्यावर बूटपॉलिश करणारी मुलं भेटली, आपल्या एका विद्यार्थ्याच्या मदतीने त्याने त्यांना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. लवकरच कळलं की इंग्रजीआधी त्यांना निवारा, शाळा आणि कागदपत्रं हवी आहेत. त्यातून 'ब्लू ड्रॅगन' ही संस्था उभी राहिली, जी मुलांना मानवी तस्करीतूनही सोडवते. त्याआधी १९९९ मध्ये जिमी फामने 'कोटो' सुरू केलं. नावाचा अर्थच 'एक शिका, एकाला शिकवा'. रस्त्यावरच्या तरुणांना हॉटेलचं काम आणि त्यासोबत इंग्रजी. उत्तरेला सापामध्ये शू तान ही ह्मोंग बाई पर्यटकांना हस्तकलेच्या वस्तू विकता विकता इंग्रजी शिकली आणि तिने 'सापा ओ चाऊ' काढली. तिथे स्वयंसेवक येऊन मुलांना इंग्रजी शिकवू लागले.

सरकारी पातळीवर २०२२-२३ पासून तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं झालं. पण डोंगरात शिक्षक कुठून आणणार? तेव्हाच्या हा ज्यांग प्रांतातल्या मेओ वाक जिल्ह्यात तिसरीच्या मुलांना हनोईतल्या एका शाळेचे शिक्षक ऑनलाइन, मोफत शिकवू लागले. त्याच २०२२ मध्ये अमेरिकन पीस कोअरचे पहिले नऊ स्वयंसेवक हनोईत उतरले. ल्यूसच्या पत्रानंतर ५५ वर्षांनी.

हे सगळं वाचून माझा गर्व थोडा उतरला आणि भीतीसुद्धा. पाच महिन्यांत निघून जाणारा माणूस फार काही देऊ शकत नाही. १९४५ चे वर्ग टिकले, कारण शिकवणारा त्याच गल्लीतला होता. मी परतल्यावर वर्ग चालवणार होत्या त्या मुलीच. माझा उपयोग एवढाच की चुकत-माकत बोलणारा एक परदेशी समोर बसलाय आणि तरी त्याचं पोट इंग्रजीवर चाललंय, हे मुलांना दिसावं.

पुढच्या शनिवारी फळ्याला हात लावला नाही. माझी व्हायवाची गोष्ट सांगितली, घशाची कोरड अभिनयासकट. मग म्हणालो, आज मी विद्यार्थी, मला व्हिएतनामी शिकवा. 'मा' हा एक शब्द सहा सुरांत. भूत, आई, पण, थडगं, घोडा, भाताचं रोप. मी आईला घोडा म्हणालो आणि वर्ग हसून हसून लोळला. मला दुरुस्त करायचं तर इंग्रजीत बोलणं भागच होतं. "नो टीचर, अप! अप!" वीस मिनिटांत सगळे बोलत होते, व्याकरणाची पार वाट लावत.

निघताना तो प्लास्टरवाला मुलगा दाराशी आला. बहुतेक आठवडाभर तयारी केली असावी.

"टीचर. लास्ट वीक, यू आस्क माय हँड. आय फॉल. मोटरबाइक. आय डेलिव्हर फूड, नाईट. नाऊ नो वर्क. आय ॲम नॉट फाइन."

'आस्क्ड' हवं होतं, 'फेल' हवं होतं. मी काहीच दुरुस्त केलं नाही. खाली चहाच्या टपरीवर त्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर आम्ही दोघं तासभर बसलो, आणि त्याला येत होतं तेवढ्या इंग्रजीत त्याने मला सगळं सांगितलं.