दगडावरचे अक्षर, दगडावरचे चित्र : स्टिकरची मराठी पूर्वपीठिका

घरच्या कटिंग मशिनवर स्टिकर करू पाहणाऱ्याला पहिल्याच प्रयत्नात एक अडचण भेटते. पडद्यावर चित्र आणि त्याखालचे नाव एकत्र दिसतात. यंत्र मात्र त्यांना दोन स्वतंत्र वस्तू समजते आणि वेगवेगळे कापते. म्हणून दोन्ही थर एकमेकांत मिसळून एकच छापील प्रतिमा करावी लागते. मग प्रिंटर ती छापतो, यंत्राचा डोळा कागदावरच्या काळ्या खुणा शोधतो आणि पाते बाहेरच्या कडेवरून फिरते. अक्षर आणि चित्र एका पृष्ठावर कसे नांदवायचे, हा प्रश्न मराठी मुद्रणाला सुमारे दोनशे वर्षे जुना आहे. आजचा थ्रेड त्याविषयी. सुरुवात मुंबईत आहे. शेवट आमच्या भंडारा जिल्ह्यात, विडीच्या कट्ट्यावर.

धातूचे खिळे जुळवून छापण्याची पद्धत रोमन लिपीला मानवते, कारण तिची अक्षरे सुटी असतात. देवनागरीची ओळ तीन मजल्यांची : मध्ये अक्षर, वर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार. शिवाय सर्वांना बांधून ठेवणारी शिरोरेषा. खिळे कितीही घट्ट जुळवले तरी दोन खिळ्यांमध्ये ती तुटलेली दिसे. जुनी मराठी पुस्तके हाती घ्या, ओळीच्या माथ्यावरच्या बारीक फटी आजही मोजता येतील. १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली तीही खिळ्यांनी नव्हे, कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून.

सुटका केली ती दगडाने. १७९६च्या सुमारास बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डरने शिळाछाप शोधली. तत्त्व सोपे : चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने लिहा, शिळा ओली करा, पाणी शाईला दूर ठेवते, शाई फक्त तेलकट रेषांना चिकटते. शिळेला अक्षर आणि चित्र यांतला भेद कळत नाही. जे रेखाटले ते छापले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतः यंत्र आणि शाई सिद्ध करून १८३१ साली मराठी पंचांग शिळेवर छापले. माझ्या मते मराठी मुद्रणातील हा क्षण खिळ्यांच्या इतिहासाइतकाच मोठा आहे. शिरोरेषा पुन्हा अखंड झाली, कारण ती हाताने ओढलेली होती.

(गंमत अशी की कटिंग मशिनवर तोच पेच परत आला आहे. नुसती अक्षरे कापायला दिली, तर जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथे पाते आडवे कापते. आधी अक्षरे जोडून एकसंध करावी लागतात. जुळाऱ्याला फट छळत होती, आपल्याला चढलेली रेषा छळते.)

पुढे रंग आले. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला, १८९४ साली मुंबईत रवि वर्म्यांचा. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. रंगीत शिळाछापीत प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून कडेला खुणा करत. खूण केसभर हलली की देवीचे ओठ गालावर जात. आज कटिंग मशिन ज्या कोपऱ्यातल्या खुणा वाचते, त्या याच घराण्यातल्या. स्टिकरभोवती सोडलेली पांढरी किनार, किंवा कापण्याच्या रेषेबाहेर थोडा वाढवलेला रंग, हीसुद्धा चुकीला ठेवलेली जागाच.

चित्राची खरी सत्ता मात्र बाजारात दिसली. मँचेस्टरचे कापड गठ्ठ्यावर रंगीत तिकीट चिकटवून हिंदुस्थानात येई : हत्ती, वाघ, देव, राणी. गिऱ्हाईक नाव वाचत नव्हते. चित्र ओळखून माल मागत होते. ‘घोडा छाप’, ‘सिंह छाप’ अशी नावे आपल्या भाषेत रुजली ती अशीच. चित्र हेच नाव असल्यामुळे चोरी चित्राचीच होई. खोट्या छापांविरुद्ध १८८९ साली कायदा झाला. पण स्वतंत्र ट्रेडमार्क कायदा १९४० पर्यंत नव्हता. तोवर व्यापारी आपल्या छापाचे निवेदन निबंधकाकडे नोंदवत आणि वर्तमानपत्रांत जाहिराती देत.

आता वरठी. आमच्या गावच्या स्थानकाचे नाव भंडारा रोड. १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली, १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. याच मुलखात, आजच्या गोंदिया जिल्ह्यासह जुन्या भंडाऱ्यात, तेंदूचे जंगल. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूर-गोंदिया पट्ट्यात विडीचा संघटित धंदा उभा राहिला. पान इथले, तंबाखू बाहेरची, वळणारे हात बहुतांशी बायकांचे. एका कारखान्याची विडी दुसऱ्याच्या विडीसारखीच दिसते. फरक काय तो कट्ट्यावरच्या कागदात : मधोमध चित्र किंवा मालकाचा फोटो, वर नाव, खाली नकलेपासून सावध राहण्याची सूचना. त्या सूचनेचा विनोद कुणी लक्षात घेत नाही. ज्याला ती वाचता येत होती त्याची फसवणूक अवघड होती. ज्याची होत होती, त्याच्यापर्यंत ती पोहोचतच नव्हती.

हीच गोष्ट शंभर वर्षांनी सरकारला उमगली. २००३च्या तंबाखू कायद्याखाली ३१ मे २००९ पासून वेष्टनांवर सचित्र इशारा सक्तीचा झाला. आधी दर्शनी भागाच्या ४० टक्के, १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के. नुसत्या अक्षरांचा इशारा निरक्षर गिऱ्हाइकाला निरुपयोगी, हे त्यामागचे एक कारण. पहिल्या खेपेस चघळण्याच्या तंबाखूवर विंचवाचे चित्र आले होते. मला ती निवड फसलेली वाटते. ज्या बाजारात वाघ आणि घोडा मालाची हमी देत आले, तिथे विंचू हा आणखी एक छाप वाटण्याचीच शक्यता अधिक.

नंतर रोगग्रस्त घशाची आणि तोंडाची छायाचित्रे आली. ती कोणत्याही छापात बसत नाहीत. विडीच्या कट्ट्यावर मालकाचे चित्र आता एका कडेला सरकले आहे. तरी दोन्ही चित्रे आणि त्यांची अक्षरे एकाच कागदावर छापून येतात.