फ्रिजमधला गॅस संपत नसतो

(ऐकणाऱ्यांपैकी काहींनी मागितलं म्हणून या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)



तुमच्या घरचा फ्रिज कधी ना कधी गार व्हायचा थांबला असेल. मेकॅनिक आला असेल, दोन मिनिटं मागे वाकून बघितलं असेल आणि म्हणाला असेल, "गॅस संपलाय." आपण मान डोलावतो. सिलिंडर संपतो, स्कूटरचं पेट्रोल संपतं, तसा फ्रिजचा गॅसही संपत असेल. मला आज या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत आमच्या घरात माझ्या आजीने मोजली.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर. आजी रेवदंड्याजवळ राहते, मी पुण्यात, आणि लॉकडाऊन. चार दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा कळलं की वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्यात, पडवीचे पत्रे उडालेत आणि आळीतले विजेचे खांब जमिनीवर आहेत. वीज यायला आमच्याकडे तीन आठवडे लागले. आजीला डायबेटिस आहे, रोज इन्सुलिन लागतं. तिने बाटल्या डब्यात घालून डबा मडक्यात ठेवला, मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि ते माजघरात अंधारात ठेवून दिलं. मी फोनवर काळजी करायला लागले तर म्हणाली, "फ्रिज नव्हता तेव्हा आम्ही जगत नव्हतो का गं?"

जगत होतेच. आमच्या किनाऱ्याने टिकवण्याची विद्या फ्रिजच्या कितीतरी आधी कमावली होती. बोंबील वलांडीवर वाळवायचे, सुकट उन्हात पसरायची, कैरी मिठात टाकायची, दूध जाळीच्या कपाटात ठेवायचं. ऊन, मीठ आणि वारा ही आमची यंत्रं. गारवा हा प्रकार या यादीत नव्हता. तो बोटीतून आला.

१८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुश्यात बांधून कलकत्त्याला पाठवला. १८० टन निघाला, चार महिन्यांच्या प्रवासानंतर साधारण १०० टन पोचला. थोड्याच काळात तसा बर्फ मुंबईतही उतरायला लागला आणि १८४० च्या दशकात गोदीजवळ त्याच्यासाठी बर्फघर उभं राहिलं. म्हणजे आमच्या समोरच्याच समुद्रातून अमेरिकेचा बर्फ जात होता आणि अलीकडच्या तीरावर बोंबील वाळत होते.

विजेचंही तसंच. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून तिथे आहे, आणि ती तिथे का आली हे मला फार आवडतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून वीज नसलेली जागा शोधली. अलिबाग निवडलं गेलं ते वीज नाही म्हणून!

आता फ्रिजकडे. फ्रिज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे काम करतो तो गॅस. फ्रीझरच्या नळ्यांत तो उकळतो आणि उकळताना आतली उष्णता पितो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरच्या नळ्यांत तो उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो, मग केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीतून परत फ्रीझरमध्ये. ही वाट पूर्ण बंद आहे. सगळे सांधे वितळवून जोडलेले असतात. त्यात काही जळत नाही, काही खर्च होत नाही. वीस वर्षांपूर्वी भरलेला गॅस आजही तेवढाच असायला हवा. नसेल तर तो गळाला आहे, म्हणजे कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

आणि हा गॅस गळला तर काय होतं, या प्रश्नावरच फ्रिजचा इतिहास चालला आहे.

सुरुवातीच्या घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळती म्हणजे थेट माणसाच्या जिवावर. बर्लिनमध्ये अशा गळतीने एक कुटुंब झोपेत दगावल्याची बातमी आइनस्टाइनने वाचली आणि तो हादरला, अशी हकीकत सांगतात. हे मात्र नक्की की त्याने लिओ झिलार्ड या तरुण शास्त्रज्ञाबरोबर हलणारे भागच नसलेला फ्रिज बनवला आणि १९३० मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट मिळवलं. विचार साधा होता. गळती बहुतेक हलत्या भागांच्या सीलमधून होते, तर हलते भागच नकोत.

तो फ्रिज बाजारात आला नाही, कारण त्याच सुमारास दुसरं उत्तर सापडलं. थॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने गळला तरी विष नाही आणि पेटतही नाही असा वायू शोधला, फ्रिऑन. १९३० मध्ये त्याने लोकांसमोर तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. मग जगभर तोच, आर-१२. १९५८ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रिज काढला आणि मध्यमवर्गीय घरांत गोल खांद्यांची ती कपाटं यायला लागली. गळतीची भीती संपली, म्हणून गळतीची पर्वाही संपली. "संपलाय, भरून टाकू" हे वाक्य माझ्या मते याच काळाची देणगी आहे. गॅस निरुपद्रवी, सहज मिळणारा. भोक शोधण्यात दिवस कोण घालवणार?

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या दोघांनी दाखवलं की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला आणि २०१० पासून आपल्याकडे नव्या सीएफसीचं उत्पादन बंद झालं. मधल्या काळात आर-१३४ए आला. तो ओझोनला त्रास देत नाही, पण पृथ्वी तापवतो. तिकडे १९९३ मध्ये पूर्व जर्मनीतल्या एका डबघाईला आलेल्या कारखान्याने ग्रीनपीसच्या मदतीने हायड्रोकार्बन वायूवर चालणारे फ्रिज विकायला काढले. आधी मोठ्या कंपन्यांनी हे धोक्याचं म्हणून नाकं मुरडली, नंतर स्वतःच त्या वाटेने गेल्या. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो. म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. लागतो फक्त काही दहा ग्रॅम, पण पेट घेतो.

आता पुन्हा आजीकडे. वीज आली, फ्रिजचा दिवा लागला, कॉम्प्रेसर गुणगुणला, पण आत गार होईना. तालुक्याहून एक मुलगा आला, "गॅस संपलाय" म्हणाला, गॅस भरला, साडेतीन हजार घेतले. सप्टेंबरात फ्रिज पुन्हा कोमट. आजीने मला सांगितलंच नाही. मडकं पुन्हा काढलं, आणि या वेळी भर ऑक्टोबरच्या उकाड्यात. तिची साखर चढली तेव्हा मला कळलं. इन्सुलिन उष्णतेने खराब झालं असणार, असं डॉक्टर म्हणाले.

मी गावी गेले. या वेळी आले ते जुन्या पिढीतले मेकॅनिक काका. मी बीटेक, त्यामुळे त्यांच्या मागेच उभी. म्हटलं, "काका, गॅस दोनच महिन्यांत संपला." ते माझ्याकडे वळून म्हणाले, "संपायला तो काय सिलिंडर आहे?"

त्यांनी हत्यार उचलण्याआधी जे केलं, ते ऑफिसात आम्ही लॉग वाचतो तसंच होतं. आधी व्होल्टेज मोजलं. कोकणात संध्याकाळी ते इतकं पडतं की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, दर काही मिनिटांनी नुसता टक्‌ आवाज येतो. तो दोष गॅसचा नव्हे, लाइनचा किंवा रिलेचा. मग दारात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला. सहज निघाला तर रबरी गॅस्केट सैल. आमचा अडकला. मग फ्रिज अर्धा तास चालवून फ्रीझर बघितला. सगळीकडे सारखा बर्फ धरला तर गॅस ठीक, दोष थर्मोस्टॅटचा असू शकतो. आमच्याकडे एका कोपऱ्यात हातभर दव, बाकी कोरडं, आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नव्हता. ही गॅस कमी असल्याची खूण. त्यांनी फ्रीझरवर बोट फिरवत आजीला विचारलं, "सुरीने बर्फ काढता काय?" कित्येक फ्रीझर त्या सुरीनेच भोकं पडून मरतात म्हणे. आजी म्हणाली, "कधीच नाही," आणि ते खरं होतं.

(तुमचा फ्रिज फ्रॉस्ट-फ्री असेल, वर बर्फ होतोय आणि खाली भाजी कोमटली असेल, तर आधी डीफ्रॉस्टचा हीटर, सेन्सर आणि पंखा तपासायला सांगा. भाजीच्या ट्रेमध्ये पाणी साचत असेल तर बहुधा नुसतं निचऱ्याचं भोक तुंबलेलं असतं.)

मग त्यांनी मागची पाटी वाचली. आर-६००ए. भरलेल्या गॅसचा दाब बघितला आणि कपाळाला हात लावला. आधीच्या मुलाने आर-१३४ए भरला होता. पाटी वाचलीच नव्हती. एका पाटीवर तीस वर्षांचा इतिहास लिहिलेला असतो, आणि तो न वाचता काम केलं की कॉम्प्रेसरचा जीव जातो. उलट बाजूने आर-६००ए भरलेल्या नळीला तो बाहेर न काढता टॉर्च लावला तर माणसाचा.

काकांनी दारं-खिडक्या उघडून नळ्या रिकाम्या केल्या, नायट्रोजन भरला, सांध्यांना साबणाचा फेस लावला. कुठेच बुडबुडा नाही. मग कंडेन्सरची बाजू वेगळी करून दाबाखाली रात्रभर ठेवली. सकाळी काटा खाली आला होता. जुन्या फ्रिजना पाठीमागे काळी जाळी असायची, ती दिसायची, पुसता यायची. नव्यांत कंडेन्सर बाजूच्या पत्र्याआड असतो. आमच्या खाऱ्या हवेत, त्यातून वादळाच्या खारट पावसात पडवीत भिजून, आतली लोखंडी नळी गंजली होती. तिथे हात पोचत नाही. त्यांनी ती नळी कायमची बाद केली, मागे बाहेरून नवी जाळी बसवली, सुकवणीची डबी बदलली, व्हॅक्यूम केलं आणि वजनकाट्यावर मोजून गॅस भरला. दोन दिवस गेले.

तर तुमच्याकडे कोणी "गॅस संपलाय" म्हणालं, तर एवढंच विचारा: "गळती कुठे आहे, आणि पाटीवर कुठला गॅस लिहिलाय?" उत्तर नसेल तर चहा पाजून निरोप द्या.

आजीचा फ्रिज अजून चालतो. आता तो पडवीत नाही, माजघरात भिंतीपासून वीतभर पुढे आहे. मागची जाळी गरम असते हे आजीच्या लगेच लक्षात आलं आणि तिने त्यावर ओली फडकी वाळत घालायला सुरुवात केली. काकांनी हात जोडून सांगितलं, "आजी, एवढं नका करू, ही पण गंजेल." मडकं मात्र तिने टाकलेलं नाही. शेल्फवर, पालथं घालून ठेवलेलं आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हो, बर्फ सुरीने काढू नका.