सीडी-४ आणि व्हायरल लोड : रिपोर्टवरचे दोन आकडे कसे वाचायचे?

झरी जामणी तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या एका टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. झरी किंवा मुकुटबनच्या माणसाला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील एआरटी केंद्रात जायचे म्हटले की दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडे. एवढे करून हातात एक कागद येतो. त्यावरचा आकडा वाढला की घरात आनंद, कमी झाला की रडारड. आणि कधी कधी, "पेशी वाढल्या, आता गोळी कशाला?" असे म्हणून औषधच बंद. हा शेवटचा प्रकार सगळ्यात घातक आहे. म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्या भावाबहिणींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आपण हे आकडे नीट समजून घेऊ.

दोन तपासण्या, दोन वेगळे प्रश्न

सीडी-४ या आपल्या रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. गावाकडे त्यांना नुसते "पेशी" म्हणतात. शरीरात जंतू शिरला की बाकीच्या रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावायचे काम त्या करतात. एचआयव्ही नेमका त्यांच्यावरच हल्ला करतो. म्हणून सीडी-४ तपासणी सांगते : शरीराची ताकद किती शिल्लक आहे?

व्हायरल लोड म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती, म्हणजे "कॉपीज", आहेत त्याची मोजणी. ती सांगते : औषध काम करते आहे का?

एक आकडा वाढायला हवा, दुसरा कमी व्हायला हवा. इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. म्हणून कागद हातात आला की आधी तपासणीचे नाव वाचावे, मग आकडा.

सीडी-४ चा आकडा

निरोगी मोठ्या माणसात एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. आकडा २०० च्या खाली गेला तर आजार पुढच्या टप्प्यात आहे असे धरतात. अशा वेळी टीबी, मेंदूज्वर, न्यूमोनिया यांचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर आणखी तपासण्या सांगतात, सेप्ट्रानसारखी बचावाची गोळीही देतात. ती "जास्तीची गोळी" समजून टाकून देऊ नये. पाच वर्षांखालच्या मुलांत पेशी मुळातच जास्त असतात, त्यामुळे त्यांच्यात आकड्याऐवजी टक्केवारी पाहतात. मुलाच्या रिपोर्टची तुलना आईच्या रिपोर्टशी करू नये.

हा आकडा एका जागी थांबत नाही. सकाळ-संध्याकाळ बदलतो, सर्दी-तापात घसरतो, गरोदरपणातही कमी दिसतो. प्रयोगशाळा बदलली तरी फरक पडतो. ४८० चे ४२० झाले म्हणून घाबरायचे कारण नाही. एका चाचणी परीक्षेच्या गुणांवरून मुलाचे वर्ष ठरवत नाही, तसेच हे. मागचे तीन-चार रिपोर्ट शेजारी ठेवून आकडा चढतो आहे की सतत उतरतो आहे, हे पाहायचे. त्यासाठी जुने कागद फाईलमध्ये जपून ठेवावेत.

व्हायरल लोडचा आकडा

राष्ट्रीय कार्यक्रमात औषध सुरू झाल्यावर ६ महिन्यांनी, मग १२ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा ही तपासणी होते. सरकारी एआरटी केंद्रामार्फत ती मोफत आहे. १००० पेक्षा कमी कॉपीज म्हणजे विषाणू औषधाने दाबला गेला आहे.

१००० किंवा जास्त आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी समुपदेशक विचारतात : गोळ्या चुकतात का? उलटी होते का? घरी लपवून घ्यावी लागते का? साधारण तीन महिने गोळ्या नीट घेतल्यावर तपासणी पुन्हा करतात. तेव्हाही आकडा चढाच असेल तर औषध बदलायचा विचार होतो. म्हणून समुपदेशकाला खरे सांगावे. ते रागवायला नाही, मार्ग काढायला बसलेले असतात.

रिपोर्टवर कधी "टार्गेट नॉट डिटेक्टेड" असे येते. याचा अर्थ आजार गेला असा नाही. विषाणू इतका कमी झालाय की यंत्राला सापडत नाही. तो शरीरात लपलेला असतोच. पण ही फार मोठी खुशखबर आहे : औषध नियमित चालू ठेवून विषाणू असा न सापडण्याइतका राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. गरोदर बहिणींनी तर शेवटच्या महिन्यांतली ही तपासणी अजिबात चुकवू नये. बाळाचा बचाव त्यावर अवलंबून आहे.

आकडा चांगला आला, मग गोळी का थांबवायची नाही?

हा प्रश्न जगभर तपासून झाला आहे. ३३ देशांतल्या ५४७२ लोकांवर "स्मार्ट" नावाचा अभ्यास झाला. त्यात एका गटाने पेशी चांगल्या असताना औषध थांबवले आणि पेशी २५० खाली आल्यावर पुन्हा सुरू केले. दुसऱ्या गटाने औषध सतत चालू ठेवले. थांबवणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू इतके जास्त दिसले की २००६ मध्ये हा प्रयोगच थांबवावा लागला.

भारतात मोफत एआरटी २००४ मध्ये सुरू झाली. पूर्वी पेशी ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत औषध देत नसत, म्हणून "पेशी चांगल्या तर औषध नको" हा समज अजून टिकून आहे. २०१७ पासून पेशी कितीही असोत, निदान झाले की औषध सुरू करतात. पुढे पेशी ३५० च्या वर टिकल्या आणि व्हायरल लोड दबलेला राहिला, तर डॉक्टर सीडी-४ ची नेहमीची तपासणी थांबवू शकतात. बंद होते ती फक्त तपासणी. गोळी चालूच राहते.

रमजान आणि तपासणी

सीडी-४ किंवा व्हायरल लोडसाठी उपाशीपोटी जायची गरज नसते. दिवसातून एकदाच गोळी असेल तर सहरी किंवा इफ्तारची वेळ ठरवता येते का, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारावे. रोज तीच वेळ पाळावी. पेशी खूप कमी असतील किंवा टीबीचे औषध चालू असेल तर मनाने रोजा धरू नये. आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे.

बदनामीची भीती

केंद्रात कोणी ओळखीचे भेटेल म्हणून तपासणी टाळणारे आपल्यातही आहेत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, कोणाचा एचआयव्ही असल्याचे त्याच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही, आणि त्यावरून नोकरी, शाळा, उपचार नाकारता येत नाहीत. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. पहिल्या तपासणीसाठी सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात जाता येते.

कायदा त्याचे काम करेल. पण घरातल्या माणसाची गोळी वेळेवर होते का, पुढच्या तपासणीची तारीख कोणती, गाडीभाड्याची सोय आहे का, हे विचारायचे काम आपलेच आहे. कोणाचे ऐब झाकणे हे आपल्याकडे नेकीचे काम मानले जाते. हा तर ऐबही नाही, आजार आहे. त्याची गुप्तता राखणे ही आपल्यावरची अमानत समजू या.