ई-मेलची छपाई : ओळी का तुटतात, कशा सावराव्यात?

दिवा आणि डोंबिवली या स्थानकांच्या मध्ये वसलेल्या कोपर परिसरात आज बहुतेकांच्या हाती ई-मेल आहे. छपाईयंत्र मात्र मोजक्याच घरांत. त्यामुळे बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार, विमा कंपनीचे उत्तर किंवा सोसायटीच्या सभेची नोटीस कागदावर हवी असेल, तर झेरॉक्सचे दुकान गाठावे लागते. तेथे हाती येणारा कागद पुष्कळदा फसवा असतो. पडद्यावर नीट दिसणाऱ्या मजकुराच्या उजवीकडचे चार-पाच शब्द कागदाबाहेर गेलेले असतात, नाहीतर एक ओळ लांब आणि पुढची एक-दोन शब्दांची, असा दात पडलेल्या कंगव्यासारखा मजकूर उतरतो. दोन्ही दोषांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

कंगव्याचा दोष जुन्या वारशातून आला आहे. आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रावर ८० स्तंभ होते. पुढे संगणकाच्या पडद्यांवरही ८० अक्षरांची ओळ रूढ झाली. ई-मेलच्या तांत्रिक नियमांनी हीच सवय उचलली. एका ओळीत ७८ पेक्षा अधिक अक्षरे असू नयेत अशी शिफारस त्यांत आहे. ९९८ ही तर ओलांडता न येणारी मर्यादा. म्हणून साधा मजकूर पाठविणारी अनेक सॉफ्टवेअर ७२ ते ७६ अक्षरांच्या आसपास स्वतःच ओळ मोडतात. राऊंडक्यूब या वेबमेलमध्ये हा आकडा मुळात ७२ ठेवलेला असतो.

आता कागदाचा हिशेब पाहावा. ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना १९ मिलिमीटर समास सोडला, तर १७२ मिलिमीटर, म्हणजे पावणेसात इंच उरतात. कुरिअर हा सर्व अक्षरांना समान जागा देणारा टंक १२ पॉइंटचा घेतल्यास इंचात १० अक्षरे बसतात, म्हणजे ओळीत ६७. पाठविणाऱ्याने ७६ अक्षरांवर मोडलेली ओळ येथे मावत नाही. उरलेली नऊ अक्षरे खाली घसरतात आणि त्यांच्यापाठोपाठ मूळचा ओळभंग येतो. टंक १० पॉइंटचा केला, की इंचात १२ अक्षरे बसतात, ओळीत ८१ मावतात आणि दोष नाहीसा होतो. उत्तर-प्रत्युत्तरांच्या साखळीत मात्र प्रत्येक फेरीला ओळीच्या आरंभी ‘>’ हे चिन्ह वाढत जाते. चार-पाच फेऱ्यांनंतर १० पॉइंटही अपुरे पडतात. तेव्हा कागद आडवा करणेच बरे.

या दुखण्यावर मूलगामी उपाय १९९९ मध्ये सुचविला गेला आणि २००४ मध्ये सुधारून मांडला गेला. ‘फॉरमॅट फ्लोड’ असे त्याचे नाव. मोडलेल्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा सोडायची. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने ती खूण ओळखून ओळी पुन्हा जोडायच्या. कल्पना सुरेख होती, पण दोन्ही टोकांच्या सॉफ्टवेअरने ती पाळली तरच उपयोग. सर्वांनी ती पाळली नाही.

मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हेही स्वतंत्र धरली जातात. ‘विद्यार्थ्यांना’ या एका शब्दात १५ चिन्हे, म्हणजे ४५ बाइट होतात. अनेक वेबमेल पीएचपी या भाषेत लिहिलेली आहेत आणि तिच्यातील ‘वर्डरॅप’ ही साधी सोय अक्षरे न मोजता बाइट मोजते; मर्यादा न सांगितल्यास ७५ वर थांबते. इंग्रजीची पूर्ण ओळ ज्या मापात बसते, त्यात मराठीचे दोन-चार शब्दच मावतात. मराठी पत्र अर्ध्या कागदावरच संपलेले दिसले, तर दोष येथे शोधावा. छपाईची कोणतीही मांडणी तो दूर करू शकत नाही. मूळ पाठविणाऱ्याकडून पीडीएफ जोडपत्र मागवून घेणे हाच व्यवहार्य मार्ग.

उजवी कड कापली जाण्याचे कारण याच्या उलट आहे. येथे ओळ मोडलीच जात नाही. वेबपानात साधा मजकूर ‘प्री’ या खुणेत ठेवला, की ब्राउझर तो जसाच्या तसा एका ओळीत ताणतो. ‘प्री-रॅप’ ही सूचना दिली असेल, तर कडेला आल्यावर मोडतो. ठराविक रुंदीचे तक्ते किंवा मध्ये एकही रिकामी जागा नसलेला लांबलचक वेबपत्ता असला, तरी पान फुगते. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत हा त्रास नित्याचा होता. २००६ च्या सातव्या आवृत्तीने पान कागदाच्या रुंदीत आपोआप आकसण्याची सोय आणली. फायरफॉक्समध्ये आजही ‘फिट टू पेज विड्थ’ निवडता येते. क्रोममध्ये ‘मोअर सेटिंग्ज’ उघडून ‘स्केल’ ८० किंवा ७० टक्के करावे. त्याहून फार खाली गेल्यास ज्येष्ठ वाचकांना भिंग लागेल.

त्याआधी एक साधी गोष्ट पाहावी. ब्राउझरच्या मेनूतून छापल्यास डावीकडची फोल्डरांची यादीही कागदावर येऊन मजकुराची जागा खाऊ शकते. वेबमेलचे स्वतःचे ‘प्रिंट’ बटण वापरल्यास बहुधा केवळ पत्राचे निराळे पान उघडते. छपाईपूर्वी प्रीव्ह्यूमध्ये प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द पूर्ण आहे की नाही, एवढे पाहिले तरी दहा रुपयांचा कागद वाचतो.

कागद तक्रारीसोबत जोडायचा असेल, तर मात्र अधिक जपावे लागते. मजकूर वर्डमध्ये चिकटवून ओळी हाताने जोडण्याचा मोह होतो. वाचायला ते ठीक. पुरावा म्हणून नव्हे, कारण ती मूळ पत्राची प्रत राहत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या मुद्रित प्रतीसंबंधीची तरतूद पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात स्पष्ट केले. ज्या प्रतीत रकमेचा शेवटचा आकडा किंवा तारखेतील साल कडेबाहेर गेले आहे, तिला प्रमाणपत्र जोडूनही वाचणाऱ्याला काय कळणार?

म्हणून अशा कामासाठी शब्दांना हात न लावता केवळ प्रमाण, समास आणि कागदाची दिशा बदलावी. पाठविणारा, स्वीकारणारा, दिनांक आणि वेळ दाखविणारा वरचा भाग छपाईत ठेवावा, पृष्ठक्रमांक काढू नयेत. आधी पीडीएफ तयार करून ती पेन ड्राइव्हवर न्यावी. म्हणजे दुकानातील अनोळखी संगणकावर आपला पासवर्ड टाकण्याची वेळही येत नाही. मूळ ई-मेल खात्यातून पुसू नये. कागदावरील ओळींविषयी उद्या कोणी शंका घेतलीच, तर तो उघडून दाखवता येतो.