मॅसीची बर्फातली भावकी

मॉन्ट्रियलहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी खडेबाजारात एका मालाच्या टेंपोमागं अडकलो होतो. "मामा, थंडीच्या आत गाडी घ्यायची आहे. फोर-बाय-फोर घेऊ की ऑल-व्हील-ड्राइव्ह?" मी म्हटलं, दोन्ही एकच की रे. तो हसला. त्या हसण्याचा राग येऊन मी शोधायला बसलो आणि फिरत फिरत पोचलो निपाणीकडच्या मळ्यात, लाल मॅसी ट्रॅक्टरपाशी.

आधी शब्दाचा घोळ. आपण 'चारचाकी' हा शब्द साध्या मोटारीवर खर्च करून बसलो, त्यामुळं चारही चाकांनी ओढणाऱ्या मोटारीला मराठीत नावच उरलं नाही. फोर-बाय-फोरमधला पहिला चार म्हणजे एकूण चाकं, दुसरा चार म्हणजे इंजिनाचा जोर मिळणारी चाकं. मग ऑल-व्हील म्हणजे वेगळं काय?

ते मला शेजारच्या निवृत्त सुभेदारांनी सांगितलं. मराठा लाइट इन्फंट्रीतले, काश्मीरच्या बर्फात हाडं गोठवून आलेले. म्हणाले, "जुनी जीप फोर-बाय-फोर लावून या बाजारात वळवून बघा. टणाटण उड्या मारते की नाही!" कारण सरळ आहे. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावर धावतात, मागची लहान. जीपमध्ये पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना जखडलेले. चिखलात किंवा बर्फात एखादं चाक घसरून हा हिशेब फेडतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून सगळी यंत्रणा पिळली जाते. हा पीळ सोडवायला मधे आणखी एक डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही दांड्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा सांधा, किंवा त्याचं काम करणारं काहीतरी, बसवलं की गाडी बर्फावर आणि डांबरावर सारखीच चालते. माझ्या मते ऑल-व्हीलची खरी ओळख हा मधला सांधा. आजकाल कंपन्या काय वाटेल त्याला ते नाव लावतात, तो भाग वेगळा.

चार चाकं ओढणारी पेट्रोलची मोटार डच स्पायकर बंधूंनी 1903मध्येच केली होती. 1941ची जीप सगळ्यांना माहीत, महिंद्रांनी ती 1947पासून मुंबईत जोडायला घेतली हेही माहीत. ते सोडू. प्रश्न आहे, हा मधला सांधा रोजच्या मोटारीत आणला कुणी?

जर्मन गाड्यांच्या भक्तांना विचारा, ते ऑडी क्वाट्रो म्हणतील. गोष्ट छानच आहे. 1976-77च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या बर्फात चाचण्या चालू होत्या. तिथं इल्टिस नावाच्या 75 अश्वशक्तीच्या लष्करी गाडीनं भारी मोटारींना मागं टाकलं आणि यॉर्ग बेन्सिंगर या ऑडीच्या अभियंत्याच्या डोक्यात चारही चाकांच्या ओढीचा किडा शिरला. पुढं फोक्सवागनच्या एर्न्स्ट फियाला यांनी नमुन्याची गाडी घरी नेली. त्यांच्या पत्नी ती घेऊन व्हिएन्नात खरेदीला गेल्या आणि गाडी वळताना उड्या मारते अशी तक्रार घेऊन परतल्या, असं सांगतात. तेव्हा कुठं मधल्या डिफरन्शियलचा आग्रह धरला गेला. म्हणजे बर्फात न सापडलेला दोष बाजारात सापडला! खडेबाजारातल्या माणसाला हे लगेच पटतं. क्वाट्रो मार्च 1980मध्ये जिनिव्हात लोकांपुढं आली.

पण मोठेपणा एवढ्यावर देऊन टाकायला मी तयार नाही. 1966मध्ये इंग्लंडात जेन्सन एफएफ विकायला आली होती. मधला सांधा तर होताच, वर ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ नयेत अशीही सोय होती. जेमतेम 320 गाड्या झाल्या. त्या एफएफचा अर्थ फर्ग्युसन फॉर्म्युला. हाच तो मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन!

हॅरी फर्ग्युसन, उत्तर आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा. नांगर तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला जोडायची आणि हायड्रॉलिकनं उचलायची युक्ती त्याची. त्यामुळं नांगराचा ओढा मागच्या चाकांवर दाब देतो आणि हलका ट्रॅक्टरही पकड सोडत नाही. 1953मध्ये त्यानं ट्रॅक्टरचा धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिसकडं दिला. पुढं 1960मध्ये मद्रासला टॅफे निघाली आणि मॅसी आपल्या उसात आली. फर्ग्युसन मात्र मोटारींच्या मागं लागला होता. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर मागच्या दोनच चाकांवर चाले.

मधल्या सांध्याचं श्रेय फर्ग्युसनचं, या माझ्या सिद्धांताला एक भोक आहे, ते झाकत नाही. कल्पना मुळात फ्रेड डिक्सन आणि टोनी रोल्ट या शर्यतवाल्यांची. फर्ग्युसन 1950च्या सुमारास त्यांना येऊन मिळाला. तरी मी म्हणेन, कल्पना त्यांची, हट्ट याचा. जन्मभर चिखलात चाक का घसरतं हे बघितलेला माणूस मोटारीतही तेच बघणार. 1960मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या पी-99 गाडीत बसून स्टर्लिंग मॉसनं ओल्टन पार्कची शर्यत जिंकली.

रोल्टच्या मंडळींनी पुढं सिलिकॉनच्या दाट द्रवात पातळ चकत्या बुडवलेला सांधा काढला. गुऱ्हाळावर घट्ट होत आलेला पाक हळू ढवळला तर उलथणं फिरतं, झटका दिला तर पाक ते धरून ठेवतो, तसंच. एक बाजू घसरून जोरात फिरू लागली की द्रव तिला दुसरीशी बांधतो. हा सांधा घेऊन एएमसी कंपनीची ईगल मोटार 1979मध्ये, क्वाट्रोच्या आधी, अमेरिकेत बाजारात आली. त्या वेळी जीपची मालकी याच एएमसीकडं! जीपच्या घरात सून आली ती फर्ग्युसनांकडून.

सुबारूवाले म्हणतील, आमचं काय? त्यांच्या चार चाकांच्या ओढीची सुरुवात तोहोकू वीज कंपनीच्या बर्फातल्या कामगारांसाठी झाली, 1972ची लिओनी त्यातूनच आली. पण ती गरजेपुरती चार चाकं लावायची, म्हणजे जीपच्याच वंशातली.

भाच्याला कळवलं: डोंगरात कच्च्या वाटेनं जायचं नसेल तर ऑल-व्हील घे. पण चार चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबत नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. सात अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक पडतं, तेव्हा पहिले पैसे हिवाळी टायरांवर घाल. नाहीतरी क्वेबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च ते सक्तीचेच आहेत. आणि शोरूममध्ये फर्ग्युसनचं नाव काढून बघ.

चार दिवसांनी त्याचा निरोप आला. "मामा, काढलं नाव. माणूस म्हणाला, ट्रॅक्टर आमच्याकडे मिळत नाहीत."