दंड फिटला, दार उघडले नाही

आळंदीची कथा वारकऱ्यांना नव्याने सांगायला नको. विठ्ठलपंतांनी गुरूंच्या आज्ञेने संन्यास सोडून पुन्हा संसार केला. परंपरा सांगते, निर्णय राजाने दिला नाही, ब्रह्मवृंदाने दिला, आणि तो देहान्त प्रायश्चित्ताचा. तो त्या दोघांनी पत्करला. तरी लेकरे वाळीतच! शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणची वाट धरावी लागली. कीर्तनात हे सांगताना माझे मन दरवेळी इथेच अडखळे. दंड फिटला, मग दार का उघडले नाही?

याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. व्यवहार राजाच्या सभेत चाले, प्रायश्चित्त धर्मसभेत. एकाच अपराधाला दोन दरबार. मराठेशाहीत अपराध्याने सरकारात गुन्हेगारी भरायची, शास्त्र्यांकडून प्रायश्चित्त घ्यायचे आणि शेवटी गोताला जेवण घालायचे. पंक्तीत पान मांडले की तो पुन्हा आपला. त्यात जाच होता, गरिबाची तर दैनाच. पण परत येण्याची वाट होती, आणि ती अडली तर दिवाणात दाद मागता येई.

पुढे इंग्रजी अंमल आला. मुंबई इलाख्यात १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने ठरवले की जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हात घालू नये. दोन्ही दरबार राहिले, मधला दरवाजा बंद झाला. कोर्टाने सोडलेला माणूस जातीने धरून ठेवला, तर त्याने जावे कुठे?

स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली मुंबई प्रांताने बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या दाव्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला; धर्मपंथाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, हे त्यामागचे कारण. पुन्हा तोच पेच! महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. आता वाळीत टाकणारालाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हा कायदा येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. एका गावी सप्ताहात काल्याच्या दिवशी एक गृहस्थ मंडपाबाहेर उभे दिसले. चौकशी केली. कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले होते, पंचांनी सोडले नव्हते. मी बाहेर जाऊन प्रसाद त्यांच्या हाती दिला आणि परत फिरलो. पंच समोरच बसले होते. त्यांना एक शब्द बोललो नाही. बिदागी त्यांच्याच हातून मिळायची होती. ते मौन आजही टोचते.

माउली, अपराधाला दंड असावा, यात वाद नाही. पण दंडाला शेवटही असावा. आपल्या वाळवंटात काला होतो तेव्हा कोण कोणत्या दरबारातून सुटून आला, हे कुणी विचारत नाही. गावी परतल्यावर मात्र आपण विचारतो. वारी तिथे तुटते.

राम कृष्ण हरि.